वामनरावांच्या जीपचे खांदे

वामनरावांसारखा विचारू माणूस नांदुऱ्यापासून मोताळ्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. विळा घ्यायचा तरी चौघांना विचारतील. चपलेचा अंगठा तुटला, तर शिवून घ्यावा की नवी चप्पल घ्यावी, यावर पानटपरीवर बैठक बसवतील. बरं, विचारून लोकांचं ऐकतात म्हणावं तर तेही नाही! सगळ्यांपुढं मान डोलवायची आणि घरी येऊन मनात असेल तेच करायचं. साठी जवळ आली तरी ही खोड गेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती गेली असती तर टपरीवाल्याचा चहा खपला नसता.

गेल्या पाडव्याला त्यांनी जीप आणली. जुनीच, पण चारही चाकांना जोर असलेली, रंगानं लालभडक. आणावीच लागली. बैलजोडी त्यांनी माघातच धामणगाव बढ्याच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली होती. नवराबायको दोघांच्याही गुडघ्यांनी जवाब दिला होता, चारापाणी आवरत नव्हतं. विकायचं दोघांनी मिळून ठरवलं, दोघं मिळून रडले आणि विषय संपवला. पण वावरात जायचं कसं? त्यांच्या वावराला जाणारी पांधनवाट अशी, की पावसाळ्यात माणूस पुढं जातो आणि चप्पल मागं राहते. साधी गाडी तिथं पहिल्याच वळणावर पोट टेकते. म्हणून जीप.

आता या जीपचं एक होतं. अंग सगळं लाल, पण चाकांवरची मडगार्डं काळ्या प्लास्टिकची, बिनरंगाची. कंपनीतूनच तशी आलेली. वामनरावांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्यांच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. मनकर्णाबाई जीपमध्ये बसत नव्हत्या.

लग्न होऊन आल्यापासून ही बाई नवऱ्याच्या शेजारी बैलबंडीत बसून वावरात गेलेली. मांडीवर शिदोरी, तोंडाचा पट्टा सुरू. कपाशीची पऱ्हाटी अशी लावा, तूर तशी पेरा, तो बांधाचा धुरा साफ करा. वामनराव गावभर सल्ले मागत फिरत, आणि हिचे सल्ले त्यांना न मागता मिळत. आता पाडव्यापासून पोळा जवळ आला, तरी बाईनं वावराचं तोंड पाहिलं नव्हतं. पायी जायला गुडघे नाहीत, आणि जीपकडं ती बघेसुद्धा ना. पेरणीच्या दिवशी तिनं हळदकुंकू पुडीत बांधून दिलं आणि दारातूनच हात जोडले. वामनराव वावरात एकटेच जेवायचे. भाकर तीच, ठेचा तोच, पण चव लागेना. जीपमधली शेजारची रिकामी जागा बघितली की त्यांना अगदी पोरकं वाटायचं.

"बैल गेल्याचं दुःख हाये तिले," असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. तेवढ्यात शेजारच्या शालूबाईनं बातमी आणली. शालूबाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. सकाळी छापलं की दुपारपर्यंत घरोघर.

"वामनभाऊ, म्या इचारलं वहिनीले, काऊन बसत नाही वं गाडीत? तर म्हने, मडगार्डं काळे हायेत. पोलकं लाल अन् बाह्या काळ्या, असं ध्यान हाये म्हने. मले नाही बसा वाटत."

वामनरावांना हायसं वाटलं. एवढंच ना! बाह्या रंगवल्या की झालं. पण न विचारता रंगवतील तर ते वामनराव कसले? दुसऱ्याच दिवशी टपरीवर प्रश्न मांडला: मडगार्डं लाल करावी, की काळीच ठेवावी?

अन् मग काय विचारता! गावात दोन तट पडले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एवढी चुरस नव्हती. काळ्या पक्षाचे पुढारी होते पुंजाजी, वामनरावांचे लंगोटीयार.

"बे वामन्या, अक्कल गहाण ठेवली का? पांधनीत दोन्हीकून बाभळी. लाल रंगावर एक काटा घासला का पांढरी रेघ उठते. काळ्याले शंभर घासू दे, दिसत नाही."

"पन दिसाले कसं दिसते ते?"

"तुले वावरात जायाचं हाये का नवरदेव म्हून मिरवाचं हाये?"

लाल पक्ष म्हणायचा, गाडी वावरातली असली म्हणून काय झालं, चार लोकांत जाते-येते, अंगभर रंग पाहिजे. कोणी म्हणे, पुढची दोन लाल करा, मागची काळी ठेवा. त्यावर पुंजाजी म्हणाले, मग एका पायात बूट अन् एका पायात चप्पल घालून फिर. वामनरावांनी सगळ्यांना मान डोलवली. नांदुऱ्याला जाऊन प्रसेनजित पेंटरलाही विचारलं. पोरगा सरळ. रंग देणं हा त्याचा धंदा, तरी म्हणाला, "काका, वावरात फिरवत असान तर काळेच बरे. पन तुमची हौस असन तर देतो. प्लास्टिकले आधी चांगलं घासा लागते, नाही तर रंग धरत नाही."

"पोळ्याच्या आत पाह्यजे," वामनराव म्हणाले. पोळ्याला लाल मडगार्ड दारात चमकलं की मनकर्णा बसलीच, असा त्यांचा हिशोब.

पोळ्याच्या आदल्या दुपारी प्रसेनजित आला. जीप उभी होती गोठ्यात, बैल बांधायचे तिथंच. त्यानं चारही मडगार्डं पॉलिश पेपरनं घासून घासून खरखरीत केली, पाण्यानं धुतली आणि बजावलं, "काका, आता याले कोनाचा हात लागू देऊ नका. सकाळी येतो, फवारा मारतो."

सकाळी तो आला. मडगार्डावर हात फिरवला, आणि बोटं डोळ्यांसमोर धरून बघतच राहिला. पिवळी! चारही मडगार्डांवर काहीतरी पिवळं, चिकट चोपडलेलं.

"काका, हे काय लावलं? याच्यावर रंग मारला तर पापुद्रे निघतीन!"

वामनरावांनी हात फिरवून वास घेतला. तूप! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम दुसऱ्या कोणाचं असणार? काळ्या पक्षाचं! धोतराचा सोगा हातात धरून ते तडक पुंजाजीच्या घरी निघाले. पुंजाजी अंगणात बैलाच्या शिंगांना रंग देत होते.

"पुंज्या, लेकाच्या, हरला म्हून असा डाव करतं का बे? माह्या मडगार्डाले तूप चोपडलं?"

पुंजाजी ब्रश हातात धरून उठले. "तूप?"

"तूप नाही तर काय? वास घे!" वामनरावांनी माखलेला हात त्यांच्या नाकाशी नेला.

पुंजाजींनी वास घेतला. मग आणखी एकदा घेतला, जरा आवडीनं. "बे येड्या, गाईचं लोणकढं तूप हाये हे. माह्या घरी पुरनपोळीवर धार धरतानी बायको हात आखडते, अन् मी तुह्या गाडीले चोपडीन? अन् हळद बी हाये याच्यात." ते थांबले. वामनरावांच्या तोंडाकडं बघून मोठ्यानं हसले. "काल काय होतं, सांग बरं?"

काल होती खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळदतुपानं मळतात, वर्षभर जू ओढून दुखावलेले म्हणून. आणि मग बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त बैल विकल्यामुळं यंदा वामनराव विसरले होते.

ते घरी परतले ते पाय न वाजवता. मनकर्णाबाई चुलीपाशी पुरण घोटत होत्या.

"ते तूप... तू लावलं?"

"मंग?" त्यांनी मान वर केली नाही. "गोठ्यात तेच उभी हाये. वावरात तेच राबते, खताचे पोते तेच वाहते. तिचे खांदे मळा नाही लागत?"

"आवतण बी देल्लं?"

"देल्लं. कान कुठं असते ठावं नव्हतं, आरशापाशी म्हनलं."

दारात उभा असलेला प्रसेनजित हसू दाबायला उंबऱ्यावरून अंगणात गेला. वामनरावांना हसावं की रडावं ते कळेना. जिच्याकडं ही बाई पाडव्यापासून बघत नव्हती, तिला सांजच्याला जाऊन तूप चोळून आली! त्यांचा जीव भरून आला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारायचं त्याच माणसाला विचारलं.

"मंग तू बसत काऊन नाही वं तिच्यात? काळ्या मडगार्डापायी?"

"ते तर म्या शालूले टाळाले म्हनलं."

"मंग?"

मनकर्णाबाईंनी पुरणातला डाव खाली ठेवला. "पाडव्याले गाडी आनली. म्या ओवाळली. शेजारी कोन बसलं पह्यले? पुंजाजी. मंग सरपंच बसले, शालूचा नातू बसला. टपरीवाल्याले बी एक चक्कर मारून आनलं तुम्ही. मी ताट घेऊन दारात उभी. मले म्हनलं का एकदा तरी, चाल म्हून?"

वामनराव चाचरले. "अवं, घरच्या मानसाले काय म्हना लागते? बसाचं नं तू."

"बैल बी घरचाच असते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याले तर दरसाल आवतण देतेत."

सगळ्या गावाला विचारून झालं होतं, पण हे वामनरावांना कोणीही सांगितलं नसतं. ते चुलीपाशी खाली बसले. गुडघा कटकन वाजला. हात जोडले, आणि ते जोडताना लाजही वाटली, पण मागं घेतले नाहीत.

"मनकर्णे, चाल वं माह्यासंगं वावरात. तुह्याबिगर करमत नाही मले तिथं."

मनकर्णाबाईंचे डोळे भरले. ते धुरानं की कशानं, हे मी सांगत बसत नाही. त्या म्हणाल्या, "आज नाही. आज पोळा हाये, आज जनावर जुपत नसतेत. उद्या येतो."

बाहेरून प्रसेनजितनं हाक दिली, "काका, थिनरनं पुसतो, घडीभरात साफ होते. मारू का लाल?"

वामनरावांनी बायकोकडं पाहिलं. "लाल करू, का काळंच ठेवू?"

"मले काय इचारता?"

"तुलेच इचारून राह्यलो."

मनकर्णाबाई पदराला हात पुसत गोठ्यापर्यंत आल्या आणि जीपभोवती एक फेरी मारली. "काळंच राहू द्या," त्या म्हणाल्या, "हळद उठून दिसते." प्रसेनजितनं डबा झाकला. त्याला पुरणपोळी खाल्ल्याशिवाय कोणी जाऊ दिलं नाही, आणि एक पोळी जीपच्या बोनेटवरही ठेवली गेली.

त्या दिवशी संध्याकाळी पोळा फुटला, घरोघर बैल ओवाळले गेले, पण वामनरावांचं लक्ष कुठंच नव्हतं. टपरीवर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, तेव्हा लोकांना वाटलं, यांची तब्येत बिघडली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. जीपची पायरी उंच. वामनरावांनी हात दिला, तो धरून त्या चढल्या, आणि मांडीवर शिदोरी घेऊन ऐसपैस बसल्या. पांधनीनं हिंदकळत जीप वावराच्या तोंडाशी आली. पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती. बाईनं एक नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"अगं मायवं! धुऱ्यावर गवत पाहा केवढं माजलं. अन् हे तुरीच्या वळी कोनं पेरल्या, साप गेल्यावानी? तिकडून कडुलिंबाची फांदी तोडली नाही नं अजून? सावली पडून राह्यली पिकावर. अवो, मी इतके महिने नाही तर तुम्ही वावरात येऊन करत काय होते?"

"तुही वाट पाहत होतो," वामनराव म्हणाले.

"चला, उतरा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "इळा घ्या अन् गवतापासून सुरू करा."