पत्र्याच्या थेटरात अण्णांबरोबर

लातूरला शिकवणीसाठी ठेवलं, तेव्हा मी डॉक्टर होणार हे घरात सगळ्यांना पटलं होतं, एक मी सोडून. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही सहा पोरं, खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. त्या रविवारी निलंग्याहून माझे वडील, अण्णा, डबा घेऊन आले. माझा जीव इथं गुदमरतोय, मला घरी न्या, हे आज सांगायचंच असं मी ठरवलं होतं.

पण भर पावसात अण्णांना चेव आला होता. तरुणपणी ते फडाची ढोलकी ऐकायला एसटीनं इथं यायचे. चल, जागा दाखवतो म्हणाले. फड लागायचा त्या मैदानावर आता शिकवणीची इमारत उभी होती. ढोलकी मढवणाऱ्याच्या दुकानात झेरॉक्स निघत होत्या. अण्णा हिरमुसले, पण थांबले नाहीत, आणि मी तोंड उघडलं की त्यांना नेमकी एखादी गवळण आठवायची. दिवेलागणीला, आईला सांगायचं नाही असं बजावून, त्यांनी मला गावाबाहेरच्या पत्र्याच्या थेटरात नेलं.

आत माणसाला माणूस चिकटून बसलेला. बाई नाचायला लागली, ढोलकी चढली आणि बाकं हादरू लागली. पुढचा एकजण उठून दाराकडे पळाला. झालं, अख्खं थेटर त्याच्यामागं. भूकंपाला काही वर्षं लोटली होती, पण आमच्याकडची माणसं अजून आधी पळायची, मग विचारायची. अण्णांनी मनगट धरून मला बाहेर चिखलात ओढलं.

घुंगरं बांधलेली बाई दारात आली. "अवो, माझेच पाय हायत ते," म्हणाली. लोक हसत, एकमेकांना शिव्या देत आत गेले. अण्णा गेले नाहीत.

"आत कोंडल्यावानी होतंय बघ मला."

"मलाबी होतंय, अण्णा. रोज. त्या खोलीत. मला घरी न्या."

त्यांनी माझं मनगट पुन्हा धरलं. मग हॉस्टेलवर आले आणि मालकाच्या हातापाया पडून माझी कॉट कोपऱ्यातून दाराजवळ लावून घेतली. भूकंपापासून ते स्वतःही घरी दाराशीच झोपायचे. "आता न्हाई कोंडणार," म्हणाले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शेवटची एसटी गाठायला निघाले. पोराला सोडवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला त्यांचा रागही धरता येईना.

ते गेल्यावर मालकानं रोजच्यासारखं त्या दाराला बाहेरून कुलूप घातलं.