मांजर जिथे झोपायची

बुधरी वडशात सहा घरची भांडी घासते. त्याआधी तीस पावसाळे तिने लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी केली. पाण्याशी तिचा संबंध थंडच राहिला. वाफाळणारं एवढं पाणी एका जागी तिने पहिल्यांदा पाहिलं ते श्रीहरी गुरुजींच्या घरी.

विजेवर पाणी तापवणारा तो टब त्यांच्या मुलाने, कुलदीपने, पुण्याहून पाठवला होता. लकव्यानंतर गुरुजींचा डावा पाय लाकूड झाला होता. रोज अर्धा तास गरम पाण्यात बसलं की पाय त्यांचं ऐकायचा आणि ते काठीशिवाय फाटकापर्यंत जायचे. टब मागच्या ओसरीत, रात्रंदिवस चालू. डिसेंबरचं वीजबिल आलं तेव्हा गुरुजींच्या बायकोने, अंजनाबाईंनी, चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"पुढचं बिल अर्ध्यावर नाई आलं तं हे डबकं विकून टाकतो मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अन् पाय?"

"पायाले तेल लावू."

तेल वर्षभर लावून झालं होतं. बुधरीनेच लावलं होतं.

झाडताना ती रोज पाहायची, मांजर टबाला पाठ लावून एकाच जागी झोपलेली. एकदा तिने मांजर उठवली आणि तिथे हात टेकवला.

"बाई, हे बाहेरून गरम काऊन लागते?"

"आत गरम पाणी आहे ना."

"तं मंग तुमी मांजरीले तापवून राह्यल्या."

गुरुजी हसले. अंजनाबाई हसल्या नाहीत.

बुधरी उन्हाळ्यात आंबे तणसात, धानाच्या पेंढ्यात, पिकवते. आढीत हात घातला की आत ऊब लागते, हे तिला माहीत होतं. तिने खळ्यावरून तणीस आणलं, पोत्यांत भरून टबाभोवती रचलं, पाण्यावरच्या झाकणावर गोधडी टाकली. तणीस दवात भिजलेलं होतं. चार दिवसांत ओसरीला गोठ्याचा वास सुटला. वाफेने गोधडी ओली झाली आणि मांजर पोत्यांवर चढून झोपू लागली.

"पिकले का व आंबे?" अंजनाबाईंनी विचारलं.

पोती उचलून बुधरीने उकिरड्यावर रिकामी केली आणि राइस मिलमधून धानाचं तूस आणलं. कोरडं, हातातून सांडणारं. ते पोत्यांत भरून पुन्हा टबाभोवती रचलं. या वेळी पाण्यावर आधी प्लास्टिक पसरलं, मग झाकण, मग वाळलेली गोधडी. टबाच्या मोटरीची बाजू हवेसाठी मोकळी सोडली. गुरुजींना तिने पहाटेच्या गारठ्याऐवजी दुपारी बसायला सांगितलं. नंतर बटण बंद, ते दुसऱ्या सकाळपर्यंत.

पाचव्या दिवशी मांजर ओसरी सोडून स्वयंपाकघरात गेली. बुधरीने ती जागा झाडून घेतली.

जानेवारीचं बिल आलं. अंजनाबाईंनी ते उजेडाकडे धरलं.

"अर्ध्यावर नाई आलं. अर्ध्याच्या थोडं वरच आहे."

बुधरी भांडी विसळत होती. मान वर न करता तिने विचारलं,

"फाटकावरून बिल कोनं आणलं, बाई?"

अंजनाबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. ते उभे होते. काठी आतल्या खोलीत, खुंटीला होती.

अंजनाबाईंनी बिलाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"बुधरी," त्या म्हणाल्या, "हे तूस पावसाळ्यात बदलवा लागन का व?"