बिळात टाच घालून उभा असलेला

"टाच काढलीस तर याद राख, भवाने!"

हे माझ्या कानाशी कोणीतरी ओरडलं, तेव्हा बांधावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. माझा मुलगा दिनेश खाली शेतात, मांडीपर्यंत चिखलात रुतलेला. पलीकडे खाडी भरलेली, बांध मऊ झालेला आणि बिळात माझी टाच. ती निघाली असती तर बांध पाण्यासकट त्याच्या अंगावर गेला असता.

भुताखेतांचं मला सांगू नका. सत्तर वर्षं चिखलात काढली. चिंबोऱ्या भेटल्या, भूत एकही नाही.

अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीला लागून आमची खारी शेती. मातीचा बांध आहे म्हणून भात आहे. चिंबोरी म्हणजे खेकडा, तो बांधाला बीळ पाडतो, भरतीला त्यातून पाणी घुसतं. आमच्यात रीत अशी — बीळ फुटलेलं दिसलं की त्यात टाच घालायची, हाक मारायची, आणि दुसरा चिखलाचा गोळा घेऊन येईपर्यंत हलायचं नाही.

दिनेश ट्रेलर चालवतो. घरी असला की टीव्हीवर गेम खेळतो... जुना काळ, घोडे, तलवारी. त्यात शेताच्या कडेला एक शेतकरी उभा. लंगोटी नेसलेला, एक पाय बांधात. जवळ गेलं की इंग्रजीत एकच वाक्य खेकसायचा.

"आये, याचा पाय अडकलाय. बनवनाऱ्याची चूक हाय."

"चूक तुझ्या बापाची! बीळ धरून उभा हाय तो."

"मग त्याला चिखल कोन देनार, तू?"

आणि दिनेश गंमत म्हणून त्याच्यावर तलवार चालवायचा. तो पडायचा नाही, हलायचाही नाही.

अमावस्येचं उधाण होतं. दुपारचे बारा. मी जवळा निवडत बसले होते. टीव्हीतल्या त्या माणसाने मान वळवली — दिनेश खेळवत होता त्या घोडेस्वाराकडे नाही, माझ्याकडे. आणि आमच्या बोलीत म्हणाला, "बसलीस काय गो? उघाडीजवल बील फुटलाय."

उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप. दिनेशनेही ऐकलं. "हा मराठी कवा शिकला?" म्हणाला. मी तोवर अंगणाबाहेर होते.

बीळ तिथेच होतं, मनगटाएवढं. मी टाच घातली. दिनेश मागून बोंबलत आला, "म्हातारे, गेममधल्या मानसाचं ऐकतेस!" पाणी बघितलं. चिखल कापायला खाली उतरला तो घाईत, नको त्या जागी. रुतला.

पाण्याच्या रेट्याने माझा पाय सरकू लागला. निघणारच होता. तेव्हा ती शिवी आली... आणि बिळात पलीकडून, पाण्याच्या बाजूने, माझ्या टाचेला दुसरी टाच भिडली. भेगाळलेली, दगडासारखी. ती रेटत होती. मीही शिवी हासडली आणि रेटून धरलं.

दिनेशने हाताने चिखल उपसून पाय सोडवले, वर आला, माझा दंड धरून ओढलं. दहा पावलं गेलो नाही तोच बांध बसला. शेत खारं झालं.

तो शेतकरी आता गेममध्ये नाही. दिनेशने गेम टीव्हीतून काढून पुन्हा घालून बघितला. तिथला बांध आहे, माणूस नाही. का, ते मला कळलेलं नाही. भास म्हणणाऱ्यांनी उधाणाला येऊन बिळात टाच घालावी, मग बोलावं.

त्या दुपारी बांधावर मी आणि दिनेश होतो. दोघंही वाचलो.