नंबर कुठे गेला

माझा चष्मा उणे बाराचा. म्हणजे काय, तर तो काढला की चार बोटांपलीकडचं सगळं धुकं. दुरून डोंगर साजरे म्हणतात; मला चष्म्याशिवाय डोंगरच दिसत नसत. शाळेत पोरं ‘नाकापेक्षा मोती जड’ म्हणायची, लग्नानंतर नवरा तेच लाडानं म्हणायला लागला. दोन्ही सवयीचं झालं होतं. चष्म्याशी माझं काही भांडण नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

भांडण झालं दर्यापूरच्या स्टँडवर. माहेराहून अमरावतीला परत निघाले होते. सोबत लेक, चार वर्षांची, अंगात लाल फ्रॉक. बस लागली तशी गर्दी उसळली, कुणाचं तरी कोपर लागलं आणि चष्मा खाली पडून पायांखाली गेला. काच चुरल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. लेकीचा हात सुटला होता. दिसला तो लाल रंग मी धरला आणि जवळ ओढला.

"हे माई पोरगी हाये, बाई," कुणीतरी बाई म्हणाली आणि तिनं तो हात सोडवून घेतला.

माझी दोन पावलांवर उभी होती, मला हाका मारत. मी तिला उचललं. पण खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. भीती नाही, रडू नाही. घरी पोचले, जुना चष्मा शोधून लावला आणि पोळ्या लाटल्या. फक्त एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच: चष्मा असो नसो, मला माझी पोर ओळखू आली पाहिजे.

अकोल्याला डोळ्याचे एक चांगले डॉक्टर आहेत असं कळलं, तिकडे गेलो. लेसर जमणार नाही म्हणाले. नंबर फार, आणि डोळ्याची पुढची काच पातळ. दुसरा मार्ग डोळ्याच्या आत भिंग बसवायचा. "तुमचं स्वतःचं भिंग जागेवरच राहील. त्याच्यापुढे हे मऊ भिंग सरकवायचं. पुढे गरज पडली तर काढताही येतं."

मला वाटलं, हो म्हटलं की झालं. तसं नसतं. लग्नकार्यात मी कॉन्टॅक्ट लेन्स लावायचे. त्या पंधरा दिवस बंद ठेवा, मगच माप घेतो म्हणाले. कारण डोळ्याच्या आत जागा किती आहे त्यावर भिंगाचा आकार ठरतो. चुकला तर डोळ्याचा दाब वाढतो, नाहीतर मोतीबिंदू लवकर येतो. "ब्लाउजसारखं नाही मॅडम, शिवण उसवून सैल करायला." शिवाय नंबर गेला तरी डोळा लांबट आहे तो लांबटच राहणार, मागचा पडदा दरवर्षी दाखवायला यायचं, विजेसारख्या चमका दिसल्या तर त्याच दिवशी. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल तो लागेलच. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील. ऑपरेशननंतर डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही.

"रडलं तर चालते का?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. शेवटची कधी रडले होते तेही आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. "रडा. फक्त चोळू नका."

सासूबाईंचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे भिंग म्हणजे मोतीबिंदू, हा त्यांचा हिशेब पक्का. "काहून वं, चांगल्या डोयात सुई घालून घेऊन राहिली? चष्म्यानं का बिघडलं तुयं?" मी समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि गल्लीभर सांगितलं की सुनेले या वयात मोतीबिंदू झाला. शेजारणी येऊन हळहळून गेल्या. एकीनं गावरान तूप आणलं. मी ते ठेवून घेतलं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. थेंब टाकून डोळा बधीर केला. मी म्हटलं, चला, आता डोळा माझ्यासारखा झाला. वर मोठा उजेड, जरासा दाब, आणि घडी घातलेलं भिंग आत उलगडलं असेल तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झालं." दुसरा डोळा दुसऱ्या दिवशी. त्यानंतरच्या तपासणीला डोळ्याचा दाब ठीक निघाला, आणि आम्ही बसनं परत निघालो.

बडनेऱ्याची पाटी मी नवऱ्याच्या आधी वाचली. तो हसला, डोळे पुसायला लागला. मी आपली काळा गॉगल लावून पाट्या वाचत बसले. आनंद व्हायला पाहिजे हे कळत होतं, होत नव्हता. म्हटलं, पोर दिसली की होईल.

घराच्या फाटकापाशी सासूबाई लेकीला घेऊन उभ्या होत्या. मी कोपऱ्यावरूनच पाहिलं. गॉगल काढला. चष्म्याशिवाय, इतक्या दुरून, माझी पोर. वेणी वाकडी, हनुवटीवर वरणाचा डाग, सगळं स्वच्छ. आणि ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. ऊन तर तिच्या पाठीमागं होतं. आई आहे की दुसरंच कोणी, हे तिला ठरवता येत नव्हतं. ते बारीक डोळे मी ओळखले. ते माझे होते.

"आई, तुया नंबर गेला?" जवळ गेल्यावर तिनं विचारलं.

"गेला."

"कुठी गेला?"

"लेकरं काईबी विचारतात," सासूबाई म्हणाल्या. मी आत जाऊन तिला दारातूनच भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक आकडा विचारला. ती चालत कॅलेंडरापाशी गेली आणि मग तिनं सांगितला.

पुढच्या तपासणीला तिलाही अकोल्याला नेलं. माझे डोळे उत्तम निघाले. तिचा नंबर निघाला तीन. असं बरेचदा आईबापाकडून येतं, डॉक्टर म्हणाले. तिला हे भिंग बसवता येईल का, मी विचारलं. "मोठी होऊ द्या, नंबर थांबू द्या. तोवर चष्माच."

चष्मा अमरावतीच्या दुकानातून घेतला. गुलाबी फ्रेम तिनंच निवडली. दुकानदार तिला चष्मा लावून देत होता तेव्हा मी दाराशी उभी होते.

"तुया नंबर मायाकडे आला न?" तिनं तिथूनच विचारलं. तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती.

"हो," मी म्हटलं.

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. डोळे बारीक न करता. मग म्हणाली, "आई, तू तितून बी दिसून राहिली."

मला एकदम दर्यापूरचा स्टँड आठवला, तो परका लाल फ्रॉक, आणि दोन पावलांवरून मला हाका मारणारी ही. त्या दिवशी रडायचं राहिलेलं तिथं दुकानाच्या दारात आलं. दोन्ही हात मी पदरात घट्ट धरून ठेवले. रडले, पण चोळलं नाही.