बागा उरकल्यावर

चौथीच्या मुलांना कविता 'समजावून' देणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. कविता वाचायची, फळ्यावर अर्थ लिहायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा. परीक्षेत शब्द न् शब्द तसाच आला की पोरगं हुशार. या प्रकाराविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, नाशिक रोडला स्टेशनबाहेर उभी राहून वाटलं होतं. मथळा होता, 'मुलांना विचारा, त्यांना काय वाटलं'. मथळे मला चांगले जमतात. घोळ तिथेच झाला.

सुरगाण्यातल्या एका पाड्यावरच्या गुरुजींच्या हाती ते पत्रक लागलं. त्यांचा निरोप आला, की ताई, छापून झालं असेल तर आता येऊन विचारा. मग दर शनिवारी मी जायला लागले. आधी एसटी, पुढे जीप.

पहिले चार शनिवार कोणी तोंड उघडलं नाही. मुलं फळ्याकडे बघत बसायची, बाई अर्थ कधी लिहितात म्हणून. मी लिहिणार नव्हते. पाचव्या शनिवारी एक कविता वाचली. पक्षीण पिल्लांना घरट्यात ठेवून दाण्याला जाते, संध्याकाळी चोच भरून परतते. काय वाटलं, विचारलं. मग खिडकीजवळची एक मुलगी, जिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता, बसल्या जागेवरून म्हणाली, "ताई, संध्याकाळी नाय येत. बागा उरकल्यावर येते."

तिची आई द्राक्षांच्या बागांत कामाला गेली होती, निफाडकडे. दिवाळीनंतर गेलेली. मुलगी आजीजवळ राहत होती.

त्यानंतर वर्गाला तोंड फुटलं. कुणाची पक्षीण जीपने जात होती, कुणाची धाकट्या पिल्लाला पाठीला बांधून नेत होती. ती मुलगी मला जीपपर्यंत सोडायला आली आणि पुढल्या शनिवारी कोणती कविता आहे, ते तिने विचारून घेतलं.

आणि मी काय केलं? जीप घाट उतरायच्या आत मथळा लिहून काढला. कामाला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच राहण्याजेवणाची सोय हवी, अशी आमच्या संघटनेची मागणी होती, तिचं पत्रक तयारच होतं. तिचं वाक्य मी वर ठळक टाइपात लावलं. खाली 'एक विद्यार्थिनी', इयत्ता, पाड्याचं नाव. मुलीचं नाव छापलं नाही, याचं मला कौतुकही वाटलं. चौथीत मुली होत्या तीन, आणि त्यांच्यात बागेवर आई गेलेली एकटी तीच. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मुलांना विचारा म्हणून गावभर सांगत फिरणारी मी.

ते पत्रक बागेपर्यंत पोचलं. मुकादमाने ते सगळ्या बायकांसमोर वाचलं आणि तिच्या आईला म्हणाला, "पिल्लं टाकून आलीस म्हणं?" उरलेला हंगाम ती बाई हे ऐकत कात्री चालवत होती. गुरुजींनी मला हे सांगितलं, तेव्हा मी काय म्हणावं? की मागणी तर बरोबर होती ना.

"मागणी बरोबरच आहे, ताई," गुरुजी म्हणाले. "पण ती मागत नव्हती. ती कविता ऐकत होती."

बागा उरकल्यावर आई परतली. मी माफी मागायला घरी गेले. तिने कोरा चहा दिला, पत्रकाबद्दल अक्षर काढलं नाही. यंदा मणी बारीक होते, एवढंच बोलली. मुलगी चुलीपाशी बसून होती, उठली नाही.

पुढच्या शनिवारी मी नदीची कविता वाचली. काय वाटलं, विचारलं आणि न राहवून तिच्याकडेच पाहिलं. ती उभी राहिली. एरवी बसूनच बोलायची. माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघत म्हणाली, "हे पण छापणार का?"

नाही म्हणाले. वही मिटून पिशवीत टाकली. तिने पिशवीकडे पाहिलं, मग समोर बघून एका दमात म्हणाली, "या कवितेतून आपल्याला नदीवर प्रेम करण्याचा संदेश मिळतो."

आणि खाली बसली. मग तिच्या शेजारची उठली, तिनेही तेच सांगितलं. शब्द न् शब्द तेच. फळा कोरा होता.