शेगडीवरच्या टिकल्या

माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसतं. माणसाकडे सरळ बघितलं, की खांदे दिसतात आणि तोंडाच्या जागी डाग. काहींच्या बाबतीत ही सोयच झाली. पण एकदा माझ्या हातून गॅस अर्धवट बंद झाला, घरभर वास पसरला आणि नवऱ्याने मला स्वयंपाकघरबंदी केली. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, हुकूम सोडायची सवय जात नाही. जवळच्या गोपालपुरा भागातल्या मेसमधून डबा सुरू झाला. क्लासच्या पोरांसाठी केलेली ती पाणीदार डाळ मी कुठल्या परीक्षेसाठी गिळायची? मला माझी शेगडी परत हवी होती.

चष्म्याने भागेना, म्हणून डॉक्टरांनी अल्पदृष्टीच्या केंद्रात पाठवलं. तिथली शिकवणारी मुलगी म्हणाली, "आंटीजी, मेरे कान को देखिए." कानाकडे बघितलं आणि तिचा चेहरा दिसला! गोड होती. तिनेच युक्ती सांगितली: खड्याची एक टिकली बटणावर, एक शेगडीवर. दोन्ही बोटाखाली एका रेषेत आल्या की गॅस बंद. घरी येऊन नवऱ्याच्या नकळत लावल्या आणि सिलेंडर बंद ठेवून सराव केला.

"रविवारी माझ्यासमोर पोहे कर. जमलं तर डबा बंद," मी शेगडी परत मागितल्यावर नवऱ्याने अट घातली.

रविवारी बटणावर हात ठेवला, तर गुळगुळीत!

"अहो, इथलं काय केलंत?"

"सकाळी शेगडी घासली. काय काय चिकटलं होतं, सुरीने खरवडावं लागलं. तुला दिसत नाही ना आता."

"त्या माझ्या टिकल्या होत्या! त्यांच्यावरच कळतं मला, गॅस चालू की बंद!"

रागाने मला रडूच फुटलं. ते आत गेले. आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आले.

"कुठे लावू, सांग."

लावून झाल्यावर मी म्हटलं, "आता डोळे मिटा आणि बंद करून दाखवा." जन्मात चहासुद्धा न केलेला माणूस बराच वेळ चाचपडत राहिला.

मग मी पोहे केले. रागाच्या भरात मीठ जास्त पडलं, त्यात डोळ्यांचा दोष नाही. त्यांनी ते निमूट दोनदा वाढून घेतले आणि मेसला फोन लावला, "भैया, कल से डिब्बा मत भेजना."

मी त्यांच्या कानाकडे बघितलं. चेहरा चांगलाच ओशाळलेला दिसला.