न्यायला येणारे बाबा

माझे बाबा कारंजाला इंग्रजीचे मास्तर. दर दिवाळीला मला न्यायला ते वडनेरला, माझ्या सासरी यायचे. वर्धा जिल्ह्याच्या या टोकाला कारंजा, त्या टोकाला वडनेर. वर्धेला गाडी बदला, हिंगणघाटला बदला, आणि म्हातारा धुळीनं माखून दारात हजर! माझं डोकंच फिरायचं.

"बाबा, काऊन येता? मी काय लहान हावो का? माझी मी येतो ना!"

"लेकीले न्यायले जा लागते," म्हणायचे आणि माझी बॅग उचलायचे.

एकदा एसटीत मी सासरची काहीतरी तिखटमीठ लावलेली गोष्ट सांगत होते. बाबा हसले. "हे जरा फार-फेच्ड होऊन राह्यलं."

"म्हणजे?"

झालं, मास्तर जागा झाला. "ओढूनताणून आणलेलं, न पटणारं. पण पहिले तसं नव्हतं. फार म्हणजे दूर, अन् फेच्ड म्हणजे जाऊन आणलेलं. दूरदेशाहून आणलेल्या वस्तूले इंग्रज असं म्हणत. मंग लांबून ओढून आणलेल्या उपमेले म्हणू लागले. आता वस्तू राह्यली बाजूले, न पटणं तेवढं उरलं."

"मग साधं 'ब्रॉट' काऊन नाई म्हणत?"

"ब्रिंग म्हणजे नुसतं आणणं. फेच म्हणजे इथून उठून तिथं जायचं, अन् घेऊन यायचं. कोणी गेल्याबिगर फेच होत नाई, बाई." हे एवढ्या मोठ्यानं, की अख्खी गाडी वळून पाहायला लागली. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत बसले.

बाबा गेले. यंदाची ही त्यांच्याशिवाय पहिली दिवाळी. भावाचा फोन आला, "ताई, कधी येतं?"

"न्यायले येतं का तू?"

तो हसायलाच लागला. "काय लहान हाय का तू? घरी गाडी हाय, येजो ना तुझी तू."

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. मीच तर बाबांना दरवर्षी हेच ऐकवायची.

नवरा म्हणाला, "चाल, मी सोडून देतो."

"अवो, सोडायचं नाई!" मी त्याच्यावरच खेकसले. "तिकून कोणी न्यायले आलं पाहिजे!" आणि रडूच फुटलं. तो बिचारा गाडीची चावी हातात घेऊन उभा राहिला.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे, बाबा उचलायचे तिथंच. या ना रे कोणीतरी मला न्यायला.